टायफॉइडात लागलेली झोप

मु. पो. वडगाव रासाई
डिसेंबर २००३

ती. राजश्रीआक्कास,

धाकट्या अंजनाचा सप्रेम जय भीम. दौंडला दाजी आन् पोरं खुशाल असतील. तुझ्या गुडघ्याचं कळव. माझं विचारशील तर मरता मरता राहिले, बाकी ठीक हाय.

टायफॉइड झाला व्हता. नुसता ताप व्हता तवा ह्यांनी (म्हंजी तुझ्या बबनरावांनी) फडताळातला गोळ्यांचा डबा काढला. घरात कुणाला जरा बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या हे त्यात टाकतात आन् पुढच्या दुखण्याला त्यातल्याच दोन देतात. शेजारच्या सरूबाईला जुलाबावर दिल्या, म्हशीलासुदिक दिल्या. (म्हशीनं थुंकल्या. शहाणी हाय.) मी गिळल्या. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा.

मग शिरूरच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या गोळ्यांनीही ताप हटंना, तवा रक्त पुण्याला तपासायला गेलं. रिपोर्ट बघून डॉक्टर ह्यांना म्हणाले, "अर्धवट गोळ्या खाऊन जंतू असे सरावतात. हे आता ह्या गोळ्यांना दाद देणार नाहीत. आतडं फाटायच्या आत शिरेतून दुसरं औषध सुरू करू."

ह्यांनी डॉक्टरांचे पाय धरले. मला मात्र, खरं सांगते आक्का, भीती वाटंना. खाटंखालनं भीमा हळूहळू वाहत व्हती. उसाचे पांढरे तुरे छताशी तरंगत व्हते. आन् आपली आई (जाऊन किती वर्सं झाली!) पायाशी बसून म्हणत व्हती, "भांडी राहू दे, मी घासते." लगीन झाल्यापास्नं इतकी गाढ मी कवा झोपले न्हाई.

नव्या औषधानं ताप उतरला. डोळं उघडलं तर नदी न्हाई, आई न्हाई. हे उशाशी करपलेली पेज घेऊन बसलेले, डोळं सुजलेले. डॉक्टरांनी तो डबा मागवून रिकामा केला आन् माझा कोर्स पुरा करवून घेतला.

तुझी
अंजना

ता. क. — बरी झाले तशी सगळी चुलीकडं बोट दाखवत्यात. तवा तू आजारी हायेस असं पत्र ह्यांना धाड. तुझी सेवा करायला म्हणून येईन आन् तुझ्याकडं नुसती झोपंन.

पुन्हा ता. क. — पोस्टात टाकायला दिलं तर ह्यांनी वाचलं. मग म्हणाले, "सकाळच्या एसटीनं जा. स्वैपाकाचं मी बघतो." तवा हे पत्र मीच घेऊन येतीय. वाचत बसू नको, आधी अंथरूण घाल.