टीव्हीत दोष नाही

सातपूर, नाशिक
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

प्रिय ज्योत्स्नाताई,

नमस्कार. समाधान दाजींना आणि तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग. मी बरी आहे. आई दिवाळीपासून माझ्याकडे आहे, हे तुझ्या दिरांकडून, मनोजदादांकडून, कळलं असेलच. ते रोज घोटीहून इकडे कामाला येतात, म्हणून पत्र त्यांच्याच हाती देते. फोन तू उचलत नाहीस आणि मेसेज उघडत नाहीस.

मनोजदादा सांगत होते की तुम्हालाही कमी किमतीतला एचडी टीव्ही घ्यायचा आहे. 'घ्यावा का ते वेदिकाला विचारा, तिनं बदलून आणला म्हणे,' असं तू म्हणालीस. विचारलंस ते बरं झालं. काय घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

१. आईने इथे राहावं म्हणून बत्तीस इंची, एचडी रेडी टीव्ही घेतला. आई म्हणाली, चित्र वाकडं आहे.
२. दुकानाने तो बदलून दिला. आई म्हणाली, हाही वाकडा.
३. तिला दुकानातच नेलं. तिथले सगळे वाकडे निघाले, महागातलेसुद्धा.
४. घरी येऊन मी टीव्ही नीट तपासला. टीव्हीत दोष नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तुमच्या बाहेरच्या खोलीत दिवाण आणि समोरची भिंत यांत बरंच अंतर आहे, लग्नात पाहिलं होतं. तेवढ्या अंतरावरून बत्तीस इंचाच्या पडद्यावर एचडी रेडी आणि फुल एचडी यांतला फरक डोळ्याला कळत नाही. खोक्यावर 'फुल एचडी सपोर्ट' लिहिलेलं असेल तर त्याला भुलू नका. त्याचा अर्थ तो तसा सिग्नल घेतो, तसं चित्र दाखवतो असं नाही. आवाज पातळ असतो. बाजूने पाहिलं की रंग उतरतात. तुझ्या सासूबाई खिडकीजवळ, एका अंगाला बसतात. त्यांना चेहरे फिके दिसतील. त्या तक्रार करतील आणि ती खरी असेल. एवढं चालत असेल तर घ्या. बातम्या, मालिका, कीर्तन यांना पुरतो.

इथे थांबले असते तरी चाललं असतं. मगाशी थांबलेही होते. पत्र घडी करून ठेवलं, कपडे वाळत घातले, परत आले.

दुकानातलं सांगते. हुजैफा नावाचा विक्रेता होता, माझ्याच वयाचा, बोलका. मी पहिला टीव्ही परत घेऊन गेले तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, या रेंजमध्ये याच्यापेक्षा भारी पीस नाही. तुमच्या कंप्लेंटमध्ये काय लिहू? 'वाकडा' असा ऑप्शनच नाही." तरी बदलून दिला. दुसऱ्या वेळी आईला घेऊन गेले. भिंतभर टीव्ही लावलेले होते आणि सगळ्यांवर एकच चित्रफीत चालू होती, कुठलीशी उंच इमारत. आई एकेका टीव्हीसमोर उभी राहिली. आपल्याकडे व्यापारी साडी उलगडून बघतो ना, तशी. मान जरा तिरकी करून.

"ह्याचा ताणा ढिला पडलाय," ती म्हणाली.

हुजैफाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आई मागावर बसते, पैठणी विणते. ताणा म्हणजे उभे धागे.

"मावशी, ह्याच्यात धागे नसतात. पॅनेल असतं."

"नसंल धागा. पण बिल्डिंग मधीच पोटात गेलीय. बघ की तू."

"कुठली?"

"समद्याच."

तो हसला. "म्हणजे कंपन्याच वाकड्या, मावशी. तुम्ही एकट्या सरळ."

आईही हसली. मला हसू आलं नाही. मला राग आला होता, कारण मला वाटलं की ती इथे राहायचं टाळते आहे आणि निमित्त टीव्हीचं करते आहे. घरी येईपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही.

ताई, माझं काम तुला नेमकं माहीत नसावं. गाड्यांच्या डॅशबोर्डवर जो छोटा पडदा असतो, तो मी तपासते. तपासण्यासाठी ठरावीक चित्रं असतात. त्यातलं एक साधं असतं: काळ्यावर पांढऱ्या आडव्या-उभ्या रेषांची जाळी. रेष कुठे तुटली किंवा वाकली तर लगेच दिसतं. ती जाळी मी पेन ड्राइव्हवरून टीव्हीला लावली. आईला म्हटलं, बस आणि दाखव कुठे वाकडं आहे. मला तिला खोटं पाडायचं होतं.

तिने उठून पडद्याच्या मध्यावर बोट ठेवलं. "हितं खळगा पडलाय."

मी तिला डावीकडे सरकायला सांगितलं. खळगा तिच्याबरोबर डावीकडे सरकला. उजवीकडे सरकवलं, तिकडेही गेला. तेव्हा माझ्या लक्षात आलं. पडद्यावरचा दोष जागा सोडत नाही.

मग मी तिचा एक डोळा हाताने झाकला आणि विचारलं. उजव्याने बघताना म्हणाली, "बरंय. जरा लाटा हायेत." डाव्याने बघताना तिने मान तिरकी केली. मी पुन्हा विचारलं. "मधी काळं हाय. कडेच्या चौकटी दिसतात," म्हणाली, आणि वर मलाच समजावलं, "अगं, डाव्याचं सोड. तो कधीचाच तसा हाय. कामापुरता उजवा पुरतो."

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून तिला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. साखरेमुळे डोळ्यामागच्या पडद्याला बरोबर मध्यावर सूज आहे. डाव्याला फार दिवसांपासून असावी, उजव्याला आता सुरू झाली आहे. साखरेच्या गोळ्या ती 'बरं वाटतंय' म्हणून मधूनमधून सोडत होती. उपाय आहे: डोळ्यात इंजेक्शनं, महिन्याला एक, आधी काही महिने. डाव्याचं गेलेलं बहुतेक परत येणार नाही. उजवा वाचवता येईल, पण लगेच सुरुवात केली तर. पहिलं इंजेक्शन येत्या सोमवारी ठरवलं आहे. मागावर बसल्याने डोळा जात नाही, हेही मी मुद्दाम विचारून घेतलं. उशीर केल्याने जातो.

आता आई आत बसली आहे. टीव्ही लावला आहे, पण ती त्याच्याकडे बघत नाही. पायाकडे बघत ऐकते. कुणी महत्त्वाचं बोलायला लागलं की मान तिरकी करते, कोंबडी दाणा बघते तशी, आणि कडेच्या नजरेने पकडते. मी चॅनेल बदललं तर तिला कळतं. मी खोलीत आले तरी कळतं. तिने हे किती सराईतपणे बसवलंय ते पाहून मला बसवत नाही. मी उठून उगाच काहीतरी पुसत राहते.

पुढचं लिहायला कठीण जातंय. म्हणून सरळ लिहिते.

तुझ्या लग्नाच्या पैठणीबद्दल आहे.

तू आईच्या मनाविरुद्ध दाजींशी लग्न ठरवलंस, आईने अबोला धरला आणि तरी साडी विणायला घेतली. तिच्या पदरावरचे मोर निम्म्यापासून पुढे एका अंगाला कलंडलेले होते. ओटी भरताना तुझ्या सासरच्या कुणीतरी पदर उलगडून पाहिला आणि म्हटलं, "आईनं रागात विणलेली दिसतीय." आपल्या गल्लीत आपण लहानपणापासून ऐकत आलो की भांडून मागावर बसू नये, राग काठात उतरतो. त्यामुळे कुणालाच नवल वाटलं नाही. तुलाही नाही, मलाही नाही. मांडवपरतणीला आलीस तेव्हा तू ती साडी आईपुढे पसरलीस आणि मोर दाखवलेस. आईने पदर डोळ्यांजवळ नेला, खूप वेळ पाहिला आणि म्हणाली, "मला तर सरळच दिसतंय."

तू साडी खाटेवर टाकून निघून गेलीस. 'इतका माज बरा नव्हे' असं तू मला नंतर फोनवर म्हणालीस. तो आपला शेवटचा फोन.

ताई, मला वाटतं ती खरं बोलत होती.

मी डॉक्टरांना विचारलं की तीन वर्षांपूर्वी, तुझ्या लग्नाच्या वेळी, डोळ्याची काय अवस्था असेल. ते म्हणाले, असं मागे जाऊन सांगता येत नाही. म्हणजे हा माझा निष्कर्ष आहे, पुरावा नाही. पण तिला सरळ रेषा वाकड्या दिसतात. मग जे तिला सरळ दिसेल असं ती विणेल, ते आपल्याला कसं दिसेल? हे तू स्वतः मांडून बघ. मी पुष्कळदा मांडून पाहिलं.

हे सांगून तुझ्या मनातलं सगळं जावं अशी माझी अपेक्षा नाही. अबोला तिने धरला होता, हे खरंच आहे. लग्नात ती मागच्या रांगेत बसली, तेही खरं. साडीचं मात्र तिच्या नावावर ठेवू नकोस.

आता आजची अडचण. आई इंजेक्शन घ्यायला नाही म्हणते. "आधी मला येवल्याला सोड. मागावर साडी अर्धी हाय. पदर झाला की येते." मी विचारलं, कुणाची साडी? म्हणाली, गिऱ्हाइकाची. म्हटलं, गिऱ्हाईक थांबेल, मी बोलते. तर म्हणाली, "तुला मशिनीचं कळतं, गिऱ्हाइकाचं नाय."

मग मी आपल्या येवल्याच्या घराशेजारच्या मीना मावशींना फोन केला, आईला काम देणाऱ्या शेठचा नंबर मागायला. त्या म्हणाल्या, "अगं, शेठनं तिला रेशीम द्यायचं कवाच बंद केलं. काम वाकडं यायला लागलं ना. हे रेशीम तिनं सोताच्या पैशानं आणलंय. रामा रंगाचं."

रामा रंग तू मागितला होतास. पहिल्या वेळी तिने हट्टाने दुसरा घेतला होता.

"ज्योत्स्नाची हाय ती," मीना मावशी म्हणाल्या. "दिवसातून बोटभर सरकती. विणती, उसवती. मला बोलावून विचारती, मोर सरळ हाय का. मी हाय म्हणती. काय सांगू तिला?"

मी आईसमोर हे बोलले नाही. काल फक्त एवढं म्हटलं, की साडी राहिली तर राहिली, डोळा राहायला पाहिजे. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "डोळ्यात सुई घातल्यावर हात धड राहील का नाय, कुणाला ठावं. एक डोळा चालतोय तवर पदर काढून घेते. मग घाला काय घालायचं ते." आणि थोड्या वेळाने, "तो डबा परत कर. मला नाय बघायचं."

टीव्ही मी परत करणार नाही. माझी कामाची पाळी असते तेव्हा ती इथे एकटी असते, निदान माणसांचा आवाज राहतो.

रविवारी सकाळच्या येवल्याच्या गाडीने ती जाणार आहे. पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. मी तिला अडवू शकत नाही. डॉक्टरांनी सांगून झालं, मी सांगून झालं, घशाला कोरड पडेपर्यंत. आम्हा दोघांचं तिला पटतंही. फक्त आधी पदर. आणि तो पदर होणार नाही, ताई. तिला दिसत नाही. ती विणत राहील, उसवत राहील आणि तेवढ्यात उजवाही जाईल.

ही साडी नको असं तिला सांगू शकेल अशी एकच व्यक्ती आहे.

तू तिला माफ कर असं मी म्हणत नाही. यावंस अशी सक्ती नाही. तिला एक फोन कर आणि सांग की दुसरी साडी नको, मागावरून उठ आणि सोमवारी इंजेक्शन घे. तुला वाटलं तर पहिली साडी नेते असं म्हण. ते खरं नसेल तर मात्र म्हणू नकोस. तिला आवाजातलं लगेच कळतं. हल्ली तर जास्तच. हे पत्र मी लिहिलं हेही सांगू नकोस.

फोन करणार नसशील तर तसं मला कळव. मग मला दुसरं काहीतरी ठरवावं लागेल, आणि ते काय हे मला अजून सुचलेलं नाही. मनोजदादांजवळ चिठ्ठी दिलीस तरी चालेल. 'हो' किंवा 'नाही' एवढंच पुरे.

शनिवारी संध्याकाळपर्यंत उत्तर दे.

तुझी धाकटी,
वेदिका