शेवगा बंद नाही, गोळीही बंद नाही

प्रिय नाना,

नमस्कार करते, पण आज वाकून नाही. आज मी रागात आहे.

परवा रविवारी सोनगीरला घरी गेले होते. खिचडी टाकावी म्हणून मायच्या तांदळाच्या डब्यात हात घातला, तर हाताला गोळ्यांच्या पाकिटांचा गठ्ठा लागला. बीपीच्या, शुगरच्या. एकही पाकीट फोडलेलं नाही! मी दर महिन्याला धुळ्याहून आणून देते, ती हसत हसत घेते, आणि मी बसमध्ये बसले की थेट तांदळात पुरते. तुमची बायको आहे नाना, शोभते अगदी.

विचारलं तर म्हणाली, "माले काय व्हस? मी रोज शेवगा खास. तुना नानानी सांगेल शे."

तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं, आणि अजून तुमचंच औषध चालू आहे घरात! म्हणून हे पत्र लिहितेय. तुम्हाला दिलेला एक शब्द मी मोडलाय, आणि तो दुसऱ्या कोणाकडून तुमच्या कानावर जायला नको.

आधी तुमचं देणं मान्य करते, नाहीतर म्हणाल पोरगी कृतघ्न निघाली. विहिरीच्या बांधावरचा शेवगा तुम्ही लावला. सगळं गाव शेंगा आमटीत टाकायचं आणि पाला शेळ्यांपुढे. तुम्ही ओट्यावर बसून ओरडायचात, "अरे, शेंगा खातस नि पाला बकरीले टाकतस! बकरी शहानी शे, मानूस नही!" लोक हसायचे. मग तुम्ही कोवळा पाला खुडून आणायचात, मायकडून तुरीच्या डाळीत भाजी करून घ्यायचात, वर लसणाची चरचरीत फोडणी, आणि जो दारात येईल त्याला भाकरीवर वाढायचात. फुलांची भाजी तर फक्त आपल्याच घरी व्हायची. माझी मैत्रीण पहिल्यांदा जेवायला आली तेव्हा म्हणाली, "अगं, तुमच्याकडे फुलं खातात?" मी लाजेने मेले होते. आज तीच मला कृती विचारते!

पावडर करायची तुमची पद्धत मला पाठ आहे. पाला धुवायचा, काड्या काढायच्या, खाटेवर धोतर पसरून सावलीतच वाळवायचा. उन्हात टाकला की तुम्ही खवळायचात, रंगही जातो आणि गुणही जातो म्हणायचात. मग खलात कुटून, वस्त्रगाळ करून डब्यात. बाळंतिणीला दूध यावं म्हणून, पोरांच्या डोळ्यांसाठी, म्हाताऱ्यांच्या हाडांसाठी, फिक्कट पडलेल्या पोरींच्या रक्तासाठी. आता मी लॅबमध्ये काम करते म्हणून सांगते, यातलं बरंचसं खरंच आहे. लोह आहे त्या पाल्यात, कॅल्शियम आहे, प्रथिनं आहेत, डोळ्यांना लागणारं जीवनसत्त्व आहे. तुम्ही काही थापा मारत नव्हतात.

आणि कुठे थांबायचं तेही तुम्हाला कळत होतं की! पलीकडच्या गल्लीतली ती सून, दिवस गेलेले, शेवग्याच्या मुळाची साल मागायला आली होती. तुम्ही तिला दारातूनच परत पाठवलंत. "पोरी, मूळ नि साल गरवारले चालस नही. दवाखानामा जाय." तिच्या सासूलाही झापलंत. मग नाना, तिच्या बाबतीत कळलं ते स्वतःच्या बाबतीत का नाही कळलं हो?

पायाला खिळा लागला तेव्हा तुम्ही पाला वाटून बांधत राहिलात. सूज उतरेल म्हणालात. मी फोनवर विचारलं, "शुगर तपासली का?" तुम्ही म्हणालात, "तू तुनं काम कर." आणि मी केलं! इथे धुळ्यात, देवपूरच्या लॅबमध्ये दिवसभर परक्यांच्या बोटांना सुई टोचत बसले. वीस-बावीस किलोमीटरवर माझा बाप एका पायाने लंगडत होता आणि मी यायला अकरा दिवस लावले. हे माझं मला रोज खातं.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी माझा हात धरून तुम्ही म्हणालात, "सहा महिना व्हयनात, शुगरन्या गोळ्या बंद करी दिन्यात मी. कोनले सांगू नको बेटा. लोके काय म्हनतीन?" मी मान डोलावली. तुमचा चेहरा तसा बघवत नव्हता, म्हणून डोलावली. आठव्या दिवशी तुम्ही गेलात, आणि गावात झालं, "नानाले खिळा बाधना."

दहाव्याला कावळा शिवेना. ऊन डोक्यावर आलं. काकांनी म्हणून पाहिलं, वहिनीला नीट सांभाळू. नाही. आत्याने म्हणून पाहिलं, नातवाला शिकवू. नाही. मग आपला प्रकाशभाऊ पुढे झाला. "नाना, तुमची शेवग्याची पावडर बंद पडू देणार नाही." आणि कावळा झपकन आला! सगळ्यांनी हात जोडले. मायने तर तेव्हाच गाठ मारली मनाशी. मला मात्र घाम फुटला, कारण तिथे जमलेल्यांत एकटी मीच होते जिला खरं माहीत होतं. मी तोंड उघडलं नाही. त्या दिवसापासून भाऊ डबे भरभरून पावडर वाटतोय आणि माय गोळ्या तांदळात पुरतेय.

अजून एक राहिलंय. माझ्या बाळंतपणानंतर अंगात रक्त नव्हतं, ते वाढलं, आणि तुम्ही गावभर सांगत सुटलात, "मनी पोर पालावर उठनी!" तीच तुमची मोठी साक्ष होती ना? नाना, मी तेव्हा पाला खात होते आणि डॉक्टरांच्या लोहाच्या गोळ्याही घेत होते. तुम्हाला ते ठाऊक होतं. तुम्ही गोळ्यांचं सांगितलं नाही, आणि तुम्हाला बरं वाटतंय तर वाटू दे म्हणून मीही गप्प बसले. आपण दोघांनी मिळून ती गोष्ट अर्धीच सांगितली.

रविवारी मायला पूर्ण सांगितली. तुमच्या गोळ्यांचं, माझ्या गोळ्यांचं, दवाखान्यात मी दिलेल्या शब्दाचं. ती परातीतलं पीठ मळत होती, तिचा हात थांबला. मग म्हणाली, "पालानी घात कया का मंग?"

"पाल्याने काय केलं माय? गोळ्या नानांनी सोडल्या."

तिने पदराने डोळे पुसले, पीठ डोळ्यांना लागलं, स्वतःवरच चिडली. आणि विचारते काय, तर "मंग भाजी खावानी का नही?"

मला रडू यायचं ते हसू आलं. "खावानी माय! पोटभर खावानी. नि गोळी बी खावानी."

सोमवारी रजा टाकून तिला डॉक्टरांकडे नेलं. शुगर चांगलीच वाढलेली होती. भाजी खुशाल खा म्हणाले. पण पावडर घेता हे आधी सांगायला हवं होतं, तिनेही शुगर थोडी खाली येते, गोळीसोबत किती घ्यायची ते आम्हाला ठरवू द्या, असं म्हणून मलाच बोलले. लॅबवाली असून! मी खाली मान घालून ऐकून घेतलं. आज सकाळी मायने माझ्यासमोर गोळी गिळली, तोंड वाकडं करून, कारल्याचा रस प्यायल्यागत.

येत्या शुक्रवारी तुमचं वर्षश्राद्ध. पावडर नेणारी सगळी माणसं जेवायला येणार आहेत. त्यांच्यातल्या किती जणांच्या घरी गोळ्या अशाच लपवलेल्या असतील, सांगा बरं? मी भाऊला म्हटलं, पंगत बसायच्या आधी मी बोलणार. तो भडकला. "नानांचं नाव मातीत घालते का? लोक काय म्हणतील?" अगदी तुमचेच शब्द! मी म्हटलं, म्हणू दे. आधी गप्प बसून मी बाप घालवला, आता माय घालवायची का? तो उठून शेतात निघून गेला. समजेल त्याला. नाही समजलं तरी मी बोलणार आहे.

शेवग्यावर कोणी कुऱ्हाड उचलली तर पहिली मी आडवी येईन, ते तुम्ही सांगायला नको. भाजी शिजेल, पावडर सावलीत वाळेल, डबे वाटले जातील. पण शुक्रवारी सगळ्यांच्या समोर उभी राहून मी म्हणेन, "माझे नाना शेवगा खाऊन गेले नाहीत, गोळ्या सोडून गेले. त्यांनी मला सांगितलं होतं, आणि मी एक वर्ष तुमच्यापासून लपवलं." माझा आवाज फुटेल, मला माहीत आहे. फुटला तरी वाक्य अर्ध्यात सोडणार नाही, नाना. वचन देते.

तुमची,
उशिरा तोंड उघडलेली
सुनंदा