याहून लांब हाय

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी एका बाबतीत माझा तुमच्यावरचा संशय गेलेला नाही, म्हणून लिहिते आहे. मी मुळातच संशयी, हे तुम्हाला सांगायला नको. नोकरीही तशीच मिळाली. दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्राम कुठे फसतात ते शोधायचं आणि त्यांना तोंडावर सांगायचं, याचा मला पगार मिळतो. ऑफिसातली मुलं मला समोरून येताना बघितलं की चहाचा कप घेऊन दुसरीकडे वळतात. तर प्रश्न एवढाच आहे, की तुम्हाला इंग्रजी येत होतं की नव्हतं?

शाळेला सुट्टी असली की तुम्ही मला टेम्पोत पुढे बसवून मंडईला न्यायचात. मागे आपल्या रानातली मेथी, कोथिंबीर, वर ओलं पोतं. हडपसर सुटलं की गर्दी लागायची आणि गर्दी लागली की आपला खेळ सुरू. पुढच्या गाड्यांच्या पाट्यांवरची अक्षरं उचलायची, त्यातलं एमएच सगळ्यांनाच असतं म्हणून ते सोडायचं, आणि उरलेली सगळी अक्षरं ज्यात येतील असा इंग्रजी शब्द सांगायचा. अक्षरं मागेपुढे चालतील, पण शब्द जितका लांब तितका चांगला. पुलगेटपाशी टेम्पो थांबलेला आहे. "यल, बी, आर, टी," तुम्ही वाचता. मी डोकं खाजवून म्हणते, "सेलिब्रेट." मग एकेक अक्षर सांगते आणि तुम्ही स्टिअरिंगवरची बोटं एकेक उचलून ताडून बघता. "बसतंय," तुम्ही म्हणता. "पण याहून लांब हाय." पुढच्या खेपेला मी त्याच अक्षरांसाठी पेपरातून शब्द शोधून आणला. त्या दिवसांत तो रोज छापून यायचा, लिबरलायझेशन. मला वाटलं, आता बाबा गप्प. तुम्ही बोटांवर मोजलंत आणि गिअर टाकत म्हणालात, "झ्याक. पण याहून लांब हाय." मी म्हटलं, मग सांगा ना कोणता. "मी सांगितला तर तू काय शोधणार?"

संशय आला तो मंडईतच. गाळेवाला मेथीचा भाव बोलला. तुम्ही त्याच्याकडे बघितलं नाहीत, जुडी उलटी करून बघत राहिलात आणि म्हणालात, "अजून बघा." तो चढला. तुम्ही पुन्हा तेच. मी तुमच्या तोंडाकडे बघत होते. टेम्पोत "याहून लांब हाय" म्हणताना दिसायचं तेच तोंड. त्या दिवशी बाजारात काय भाव फुटलाय हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. सकाळपासून माझ्याबरोबरच तर होतात. पण पहिल्या बोलीला मान हलवायची नाही, एवढा एक नियम तुम्ही पाळायचात. जमिनीसाठी बिल्डरची माणसं ओट्यावर येऊन बसायला लागली तेव्हाही तुम्ही त्यांना चहा पाजून तेच सांगायचात. परतताना मी सरळ विचारलं, "तुम्हाला येतच नाहीत ना शब्द?" तुम्ही म्हणालात, "इंग्रजी शाळेत कोण जातं? मी का तू?" मला इतका राग आला होता, की घरी पोचताच मी टेम्पोतून उडी मारून आत गेले. स्वयंपाकघरात आईला विचारलं. ती भाकरी थापत म्हणाली, "सातवी शिकलेला माणूस. आता पेपर घेऊन तासभर बसत्यात, ओठ हलत्यात. काय वाचत्यात ते त्यांनाच ठाऊक." यावरून काय समजायचं? आईनेही मला कधी सरळ उत्तर दिलं नाही.

मग ते हॉस्पिटल. माझं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष होतं. दुपारची वेळ, तुम्हाला उठून बसवत नव्हतं, म्हणून मीच खिडकीतून खाली लावलेल्या गाड्यांची अक्षरं वाचली. तीनच निघाली. मी एक शब्द सांगितला. बरा होता, फार काही ग्रेट नव्हता. तुम्ही चादरीवर बोटं उचललीत. "बसतंय," म्हणालात. मी पुढच्या वाक्याची वाट बघत होते. तुम्ही डोळे मिटून घेतलेत आणि म्हणालात, "याहून लांब नाय." तुम्ही आयुष्यात कुणाचीच पहिली बोली घेतली नव्हती. मी बाहेर बाकावर आईपाशी गेले आणि विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले ते बाबांना माहीत आहे का?" "तुला कुणी सांगितलं?" ती म्हणाली. "तुला परीक्षा होईस्तोवर कळू द्यायचं नाय, असं तुझे बाबाच म्हणालेत." मी परत आत आले तेव्हा तुम्ही झोपल्याचं सोंग घेतलं होतंत. ते सोंग होतं, हे मला पक्कं माहीत आहे.

नोकरी लागल्यावर पहिल्या रिकाम्या दिवशी मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. अक्षरं द्यायची, ती सगळी असलेले शब्द तो लांबीप्रमाणे समोर मांडतो. आपल्या खेळातली जेवढी आठवली तेवढी सगळी अक्षरं मी त्यात घातली. प्रत्येक वेळी याहून लांब निघालं. लिबरलायझेशनच्याही वर इरिस्पॉन्सिबिलिटी बसलेला होता, आणि मी एकटीच खुर्चीत हसत बसले. मग हसू गेलं. इंग्रजी कोश एवढा मोठा, की कुणीही डोळे झाकून "याहून लांब हाय" म्हणावं, ते खरंच ठरणार. म्हणजे तुम्हाला एकही शब्द येत नसला तरी तुम्ही हरणार नव्हतात. आणि हे तुम्हाला कळलेलं असेल, तर माझ्यापेक्षा तुम्हीच जास्त शिकलेले होतात. की नुसतीच सवय? अजून ठरवता येत नाही.

हॉस्पिटलातली अक्षरं मात्र मी त्यात घातलेली नाहीत. दोनदा टाइप केली, दोनदा पुसली. दिवसभर मी लोकांना सांगत असते, तपासल्याशिवाय काही खरं मानू नका. तो एक शब्द मी तुमच्या शब्दावर सोडलाय. ती तीन अक्षरं इथेही लिहीत नाही, बाबा. हे पत्र कुठेच जाणार नाही, पण कुणाच्या हाती लागलंच, तर तो तपासून बघेल.