टायर थंड होईपर्यंत

बाबा, मी गाडी घेतली. नवी, शोरूममधून, राखाडी रंगाची. तुम्ही आयुष्यभर ज्या गाड्या चालवल्यात त्यातल्या बऱ्याच आता रस्त्यावर दिसतही नाहीत, इतकी वर्षं झाली तुम्हाला जाऊन. गाडी घेतली हे तुम्हाला सांगायचं म्हणून मी कागद काढून ठेवला होता. पण लिहायला बसण्याआधी मध्ये एक रविवार येऊन गेला. त्या रविवारी पेट्रोलपंपावर मला जे कळलं, त्यानंतर हे पत्र आनंदाचं राहिलेलं नाही. म्हणून जसं घडलं तसंच लिहितो, नाहीतर मी रागाने काहीतरी भलतंच लिहीन.

गाडी घरी आणली त्या दिवसापासून ती उडत होती. स्पीडब्रेकर तर सोडाच, पेव्हरब्लॉकचे सांधेसुद्धा पाठीला मोजता यावेत इतकी कडक. आईला मागे बसवून मुलुंडला देवळात नेलं, तर परत येईपर्यंत तिने कमरेवरचा हात काढला नाही. उतरताना म्हणाली, ह्यापेक्षा रिक्षा बरी होती रे. मग तिला तुम्ही चालवायचात ती साहेबांची गाडी आठवली. मावशीच्या लग्नाला साहेबांनी ती तुम्हाला एक दिवस वापरायला दिली होती. त्या गाडीत पोटातलं पाणी हलत नव्हतं, असं ती म्हणाली. तुमच्या हाताचा गुण होता, असंही म्हणाली. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. गॅस बंद केला की नाही हे मी अजूनही दाराला कुलूप लावून परत येऊन बघतो. तेव्हा दोष गाडीचा की माझ्या हाताचा, हे कळल्याशिवाय मला झोप लागणार नव्हती. मी गाडीबरोबर आलेलं पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं. ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या कडेला एक स्टिकर असतो, त्यावर चारही चाकांत हवा किती हवी ते लिहिलेलं असतं. तेहतीस. शोरूमला फोन केला. तिथला मुलगा म्हणाला, सर, कारखान्यातून गाड्या निघतात तेव्हा हवा जास्तच भरलेली असते, महिनोन् महिने उभ्या राहतात ना, टायर बसू नयेत म्हणून. आम्ही देताना कमी करतो, तुमची राहिली असेल, कुठल्याही पंपावर सोडून घ्या. राहिली असेल, हे तो फार सहज म्हणाला.

रविवारी सकाळी मी भांडुपच्या पंपावर गेलो. हवेच्या मशीनवर चव्वेचाळीस आकडा आला. हवावाला लगेच सोडायला निघाला, मी त्याला थांबवलं. टेकडीवरून गाडी खाली आणली होती, सिग्नलला रखडलो होतो, टायर तापलेले होते. तापलेल्या टायरमध्ये हवा जास्त दाखवते. तेव्हाच सोडून आकडा बरोबर केला, की टायर थंड झाल्यावर हवा कमी पडते. हे मी पुस्तकात वाचलं नव्हतं, तुमच्याकडून शिकलो होतो. म्हणून मी गाडी भिंतीच्या सावलीत लावली आणि बाजूला उभा राहिलो. हवावाल्याने दोन गाड्या सोडल्या, तीन सोडल्या, मग ओरडला, "काय साहेब, टायर आहे ओ, चहा नाय फुंकून प्यायला." रांगेतले हसले. मीही हसल्यासारखं केलं आणि तिथेच उभा राहिलो.

मावशीच्या लग्नाचा तो दिवस मला असा दिसतो आहे, की जणू मी आत्ता तिथे उभा आहे. तुम्ही चाळीच्या तोंडाशी गाडी लावली आहे, पांढरा शर्ट घातला आहे, टायरच्या बाजूला उकिडवे बसला आहात. व्हॉल्व्हचं टोपण काढून तुम्ही ओठांत धरता. मी जवळ येतो तर माझा हात ओढून उलटा करता आणि हाताची मागची बाजू टायरला लावता. ताप बघतात तसा. टोपण ओठांत धरूनच म्हणता, "आधी हात लाव मेल्या. गरम लागला तर थांबायचं. थांबायला लाजायचं नाही." मग तो हवा मोजायचा पेनासारखा गेज माझ्या हातात देता. गाडीचं म्हणून तुम्ही मला एवढंच शिकवलंत. बाकी काही नाही. मी ते कोणाला सांगितलं नाही, इतकं ते मला माझं वाटत होतं.

कारण शिकवा म्हणून मी तुमच्या किती मागे लागलो होतो ते तुम्हाला आठवत असेल. दर रविवारी सकाळी तुम्ही मरोळला जायचात. साहेबांचा कारखाना रविवारी बंद, गाडी आत उभी, तिची हवा बघायची, पुसायची, असं तुमचं काम. आई सुट्टीच्या दिवशीही अंधारात उठून घावनं करून तुम्हाला डबा द्यायची. तुम्ही जेवायच्या वेळेला परत. एवढा उशीर का, तर टायर थंड व्हायला वेळ लागतो. मी म्हणायचो मला न्या, तिथले रस्ते रविवारी रिकामे असतात, तिथे शिकवा. आधी तुम्ही म्हणालात साहेबांना चालत नाही. मी फारच रडारड केली तेव्हा एकदा, सगळे ऐकत असताना, म्हणालात, "तुका ह्या जमाचा नाय. तू घाबरतंस. घाबरणाऱ्याने चाकाला हात लावू नये." शेजारचे काका हसले होते. मी त्यानंतर विचारलं नाही.

मला वाटलं, बाबांना माणसं आणि गाड्या दोन्ही कळतात, ते म्हणतात ते खरंच असणार. मी घाबरतो हे खोटं नव्हतंच. तुम्ही गेलात तेव्हा माझी दहावी नुकतीच झाली होती, पुढे शाळा झाली नाही. साहेब घरी येऊन गेले होते, अठरा पूर्ण झाली की कामाला ये म्हणाले. माणूस शब्दाचा होता. मी गेलो तेव्हा त्यांनी एकच विचारलं, गाडी येते ना? ड्रायव्हरचा मुलगा आहे, येतच असणार, असं धरूनच त्यांनी विचारलं होतं. मी नाही म्हटलं. त्यांना आधी खरं वाटेना, मग ते दुसरीकडे बघू लागले. ती नोकरी दुसऱ्याला मिळाली. आई आणखी काही वर्षं लोकांच्या घरी पोळ्या लाटत राहिली. मी घाटकोपरला फ्लेक्स छापायच्या दुकानात लागलो, अजून तिथेच आहे. मजकूर टाइप करतो, लोकांची नावं नीट बघतो. माझं शुद्धलेखन पहिल्यापासून चांगलं, एवढ्यावर टिकलो. या सगळ्यात मी तुम्हाला कधी दोष दिला नाही. तुम्ही मला ओळखलं होतंत, असं मी स्वतःला सांगत आलो.

तर मी सावलीत उभा आहे, आणि शाळेच्या मुलांची एक पिवळी व्हॅन माझ्यामागे येऊन लागते. चालवणारी बाई उतरते. पंचेचाळिशीची असेल, पंजाबी ड्रेसवर पुरुषी शर्ट, केस घट्ट बांधलेले. ती मला विचारते, काय रे भाऊ, हवा नाही भरायची? रांग सोडून इथे काय करतोयस? मी सांगतो, टायर थंड व्हायची वाट बघतोय. ती माझ्याकडे बघते आणि हसते, पण हवावाल्यासारखी नाही. मग वाकून हाताची मागची बाजू माझ्या टायरला लावते. "अजून आहे जरा," म्हणते. "असं थांबणारा दुसरा माणूस मी आयुष्यात एकच बघितला."

बाबा, मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी नुसतं विचारलं, कोण? आणि ती व्हॅनला टेकून सांगायला लागली. तिलाही सावली हवी होती, सांगायलाही आवडत होतं. मरोळला एका कारखान्यात ती पॅकिंगला होती. नवरा सोडून गेलेला, पदरात लहान मुलगी, पगारात भागत नव्हतं. मालकांचे ड्रायव्हर होते एक, कोकणातले, बोलायला तुसडे. एक दिवस तेच म्हणाले, गाडी शिक, पोट भरेल. रविवारी सकाळी ये, कोणी नसतं. आणि ती दर रविवारी जात होती. त्या रिकाम्या रस्त्यांवर साहेबांच्या गाडीत तिने स्टिअरिंग धरलं, चढावर क्लच सोडायला शिकली, एकदा गेटच्या खांबाला घासता घासता वाचली. ते ओरडले का, मी विचारलं. नाही रे, ती म्हणाली, मी गाडी बंद करून उतरायलाच निघाले, तर म्हणाले, भीती वाटली पाहिजे, ज्याला भीती वाटते तोच सांभाळून चालवतो.

हे तुम्ही तिला सांगितलंत.

शिकवून झालं की तुम्ही म्हणायचात, आता ज्या कामाला आलोय ते करू, आणि टायर थंड होईपर्यंत दोघं कारखान्याच्या पायरीवर बसायचात. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे टायर तर थंडच असतात, बाबा. पाच मिनिटांचं काम. हे मला एवढ्या वर्षांत एकदाही सुचलं नाही. डब्यातली अर्धी घावनं तुम्ही तिला द्यायचात. असली घावनं पुन्हा खाल्ली नाहीत, ती म्हणाली, त्यांच्या बायकोच्या हाताला चव होती.

तुमचं तिच्याशी काही होतं का, हा विचार माझ्या मनात आला नाही असं नाही. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. तसं काही नव्हतं. असतं तर मला सोपं गेलं असतं. बाईच्या पायी माणूस घरी खोटं बोलतो, हे मला समजलं असतं. इथे तुम्ही फक्त गाडी शिकवत होतात, जी मला हवी होती, त्याच रविवारी, त्याच रस्त्यांवर.

मला एकच गोष्ट विचारायची होती. शेवटी म्हटलं, त्यांना मुलंबाळं नव्हती का? ती म्हणाली, होता ना, एक मुलगा. मला पण वाईट वाटायचं. एकदा मी बोलले त्यांना, मला शिकवताय, पोराला का नाही आणत? तर म्हणाले, त्याला आवड नाही गाडीची.

त्याला आवड नाही. बाबा, मी जिन्यावर बसून स्टीलचं ताट दोन्ही हातांत धरून फिरवायचो, तोंडाने गिअरचे आवाज काढायचो. तुम्ही त्या जिन्यावरून मला ओलांडून वर जायचात. मी घाबरट आहे असं तुम्ही तिला सांगितलं असतंत, तर निदान मला आणि तिला एकच गोष्ट सांगितलीत असं झालं असतं. कदाचित मी ड्रायव्हर होऊ नये अशी तुमची इच्छा असेल. कदाचित मी शाळेत पुढे जाईन असं वाटलं असेल. मी तुमच्या बाजूने खूप कारणं शोधली आहेत, रात्री पाठ केल्यासारखी. एकही कारण असं नाही, जे तुम्ही मला तोंडाने सांगू शकला नसतात. मला तिचा राग येत नाही. तिची मुलगी आता बँकेत आहे, हे तिने कौतुकाने सांगितलं, आणि ऐकून मला बरंच वाटलं. पण ती मुलगी शिकत होती तेव्हा माझी आई कोणाच्या ओट्यापाशी उभी होती, तेही मला दिसत होतं. आईला मी यातलं काही सांगितलेलं नाही. ती अजून तुमच्या हाताचा गुण सांगते. तिच्या घावनांचं कौतुक कोणी केलं तर तिला आवडेल, पण ते कोणी केलं हे मला सांगता येणार नाही.

थोड्या वेळाने तिने पुन्हा टायरला हात लावला. झालं, म्हणाली, आता सोड. आकडा थोडा उतरला होता, हवावाल्याने चारही चाकं तेहतीसवर आणली. स्टेपनी पण बघून घे, ती म्हणाली, ती सगळे विसरतात. मी डिकी उघडली. ती तिच्या व्हॅनकडे वळली, मग थांबून म्हणाली, "गाडी नीट लावलीस रे भिंतीला. कोणी शिकवली तुला?"

मला भांडुप स्टेशनजवळच्या ट्रेनिंग स्कूलने शिकवली. शिकवणारा सारखा फोनवर असायचा आणि माझ्या आधीच ब्रेक दाबायचा. मी दोनदा नापास होऊन लायसन काढलं. हे सगळं मी तिला सांगू शकलो असतो. किंवा मी कोण ते सांगू शकलो असतो. मी म्हटलं, माझ्या वडिलांनी. ती म्हणाली, चांगलं शिकवलंय, आणि गेली. तिला काही कळलं का, मला माहीत नाही.

बाबा, हे पत्र मी कुठेही ठेवणार नाही, आईच्या हाती लागेल. फाडून टाकीन. तुमच्यावरचा राग गेलेला नाही, जाईल असं वाटतही नाही. फक्त एक आहे. त्या बाईशी मी खोटं बोललो आणि बोलताना मला फार बरं वाटलं. घरी येईपर्यंत वाटत होतं.