काचेवरचे दोन शब्द

येलहंका,
१४ ऑगस्ट १९९६

प्रिय वाणी,

तुझं पत्र परवा आलं. अप्पा तुझ्यावर रागावूनच गेले का, एवढंच तू विचारलंस. उत्तर एका ओळीचं आहे, पण ते लिहिताना मी चार कागद फाडले. इंदिरानगर काही समुद्रापार नाही, दोन बस बदलल्या की तुझं दार. तरी पोस्टाने लिहितोय, कारण तुझ्यासमोर बसून हे बोलायची लाज वाटते.

पक्षाघाताने अप्पांची वाचा आणि उजवा हात गेला, हे तुला ठाऊक आहे. डाव्या हाताने वही धरता येईना, तेव्हा त्यांनी खाटेशेजारच्या खिडकीच्या काचेकडे बोट दाखवलं. तीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत बाटल्यांवर नावं घातलेला माणूस, त्याला काच कागदापेक्षा जवळची. मी मार्कर आणला, तो नेमका पर्मनंट निघाला. 'पंखा', 'उपमा नको' अशी ढोबळ अक्षरं काचेवर आली आणि पुसताना माझी फजिती झाली. ओल्या फडक्याला शाई दाद देईना, म्हणून मी भांडी घासायची पूड घेतली. अप्पांनी डाव्या हाताने खाट बडवली आणि उरलेल्या जागेत लिहिलं, 'पूड नको. स्पिरिट.' त्यांच्या पाठीला चोळायला आणलेलं स्पिरिट घरात होतंच. कापसाच्या एका बोळ्यात काच स्वच्छ.

मग चार दिवस, रोज दोन ओळी, त्यांनी मला धडा दिला. काच म्हणजे वाळू, सोडा आणि चुना भट्टीत वितळवून एकजीव केलेले. तिला छिद्रं नसतात, म्हणून शाई आत मुरत नाही, नुसती वर चिकटते. पाण्यात ती विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळते. पुडीत मात्र वाळूसारखे कण, म्हणजे काचेचेच भाऊबंद, ते तिला ओरबाडतात. शेवटी लिहिलं, 'पर्मनंट हे नाव कंपनीने ठेवलं, काचेला कुणी विचारलं नाही.' मी हसलो, तेही अर्ध्या तोंडाने हसले. तुझ्या लग्नानंतर आम्ही बापलेक पहिल्यांदाच एकत्र हसलो असू.

त्या गुरुवारी मी ऑफिसातून आलो, तर सबंध काचेवर दोनच शब्द होते: 'वाणीला आण.' मी स्पिरिटची बाटली उघडली. अप्पांच्या तोंडून मोठ्या कष्टाने एक शब्द आला. आपल्या घरच्या मराठीत निम्मी कन्नड, तुला सांगायला नको. 'अळिसु' म्हणजे पूस, 'उळिसु' म्हणजे राहू दे. फरक पहिल्या अक्षराचा, आणि त्यांचं तोंड तर वाकडं झालेलं. त्यांनीच पुसायला सांगितलं, असं मी तुझ्या वहिनीला सांगितलं. ती 'सरी', म्हणजे बरं, एवढं म्हणून स्वयंपाकाला लागली. दहाव्याला तू आलीस आणि अप्पा माझ्याबद्दल काही बोलले का असं विचारलंस, तेव्हा मी म्हणालो, अगं, त्यांची वाचाच गेली होती. झाकली मूठ म्हणून दीड वर्ष गप्प बसलो.

तुझा नवरा मोहनकुमार या घराची पायरी चढणार नाही, हे अप्पांनी कधीच म्हटलं नव्हतं. ते माझं होतं, अप्पांच्या नावावर खपवलेलं. तू आलीस तर तोही येईल आणि माझं खोटं उघडं पडेल, ही भीती मला बापाच्या आजारापेक्षा मोठी वाटली. असा तुझा मोठा भाऊ.

वाणी, मला नीट ऐकू आलं होतं. अप्पा म्हणाले, "उळिसु." त्यांनी माझं मनगटही धरलं. मी हात सोडवून घेतला आणि त्यांच्यासमोर ते दोन शब्द पुसले. त्यानंतर अप्पा अकरा दिवस होते. मार्कर उशाशीच होता, पण त्यांनी पुन्हा हातात घेतला नाही. त्या स्वच्छ काचेतून फाटकाकडे बघत पडून राहायचे. तुझ्यावर ते रागावले नव्हते गं. ते तुझी वाट बघत गेले.

तुझाच, अजून तसं म्हणू देणार असशील तर,
नागनाथअण्णा