रविवारच्या पाहुण्यांना गुडघ्याचं सांगू नकोस

मानेवाडा, नागपूर
गुरुवार, दुपार (कांता झोपली आहे तोवर)

तीर्थस्वरूप सुभद्राताईस,

धाकट्या देवाजीचा दोन्ही हात जोडून नमस्कार. इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, त्यावर जाऊ नकोस. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींची शुगर? (या दोन्ही प्रश्नांची उत्तरं फक्त मला कळव. येत्या रविवारी तुझ्याकडे जे पाहुणे येणार आहेत ते हेच विचारतील, आणि माझ्यापेक्षा गोड आवाजात विचारतील. त्यांना म्हणायचं, गुडघा ठणठणीत आहे, रोज पळते. भाऊजींनाही तसंच शिकवून ठेव, ते दुखणं सांगायला लागले की थांबत नाहीत.)

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. आमच्याकडे हल्ली नातेवाइकांना फोन करायचा तर स्पीकरवर, आणि गौरांग शेजारी बसलेला असताना करायचा, असा नियम आहे. माझा मोबाइल कांता बघते. म्हणून गुंजनच्या लॅबमधली रोशनी, जी रोज पारशिवनीहून जाणंयेणं करते, तिच्या हाती हे पाकीट पाठवतो आहे. गौरांग कोण, हे सांगण्यासाठीच पत्र आहे. जरा धीर धर, मलाही धरू दे.

झालं असं की दिवाळीनंतर कांता सीताबर्डीला कुकरची रिंग आणायला गेली. (रिंग मिळाली नाही. अजूनही नाही. वरण कच्चं राहतं.) परत येताना मेट्रोत तिच्या शेजारी काजल नावाची एक मुलगी बसली. तिनं कांताच्या साडीचं कौतुक केलं, घरी कोण कोण असतं, मुलगी काय करते, सगळं आपुलकीनं विचारलं आणि नंबर घेतला. लगेच दुसऱ्या दिवशी गौरांग नावाच्या मुलाचा मला फोन. आवाज नम्र, दर वाक्याला काका. म्हणाला, तुमच्या परिवारासाठी एक चांगला प्रस्ताव आहे, फोनवर बोलण्यासारखा नाही, घरी येऊन बसून बोलू, काकूही हव्यात. आता ताई, ज्या घरात सत्तावीस वर्षांची मुलगी आहे त्या घरात प्रस्ताव या शब्दाला एकच अर्थ असतो. दुसराही असतो हे मी शब्दकोश उघडून दाखवलं असतं तरी कांतानं तो मिटून कपाटात ठेवला असता.

रविवारी ते आले, गौरांग आणि काजल. (ही आमच्या परिवारातलीच, अशी त्यानं ओळख करून दिली. बहीण असणार, आणि बहिणीनं आधी मेट्रोत पाहून घेतलं, किती रीतीचं घराणं, असं आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघून ठरवलं.) पोहे, वर चण्याची तर्री, संत्र्याची बर्फी, नवे कप. गुंजनला कांतानं सुट्टी घ्यायला लावली होती (रक्त तपासायच्या लॅबला रविवार नसतो), आणि ती अशी तोंड फुगवून बसली होती की मला मुलाची दया आली. मी बापाच्या नात्यानं विचारपूस सुरू केली. काय करता? तर म्हणाला, माझ्या खाली सत्तेचाळीस लोक आहेत. मी मनात म्हटलं, एवढ्या लहान वयात साहेब. आमच्या ऑफिसात एवढी माणसं खाली यायला केस पांढरे व्हावे लागायचे. पुढे काय विचार आहे? तर, पुढच्या दिवाळीपर्यंत डायमंड होणार. मला वाटलं, जोडधंदा हिऱ्यांचा. आमचा परिवार फार मोठा आहे काका, म्हणाला, दर महिन्याला सगळे एकत्र जमतो. तेव्हा मात्र कांता मला स्वयंपाकघरात ओढून नेऊन कुजबुजली, "एवढ्याइच्या पोळ्या आपली गुंजन कशी करन वं माय."

मग त्यानं आपले नातेवाईक विचारले. कोण कोण, कुठे कुठे, कोणाचं कसं वजन. सोयरीक जुळवताना हेच विचारतात ना? मी घराण्याची अब्रू राखायला एकेक सांगत गेलो आणि सगळ्यात जास्त तुझं सांगितलं. म्हटलं, पारशिवनीच्या बचत गटाची अध्यक्ष आमची ताई आहे, तिथल्या बाया सुभद्राबाईंना विचारल्याशिवाय नवी बकरीसुद्धा घेत नाहीत. ताई, त्या वेळी त्याचे डोळे असे चमकले की मला भरून आलं. मोठ्या माणसांचा मान ठेवणारा मुलगा म्हणून मी आणखी दोन गोष्टी वाढवून सांगितल्या. (सरपंच तुझ्या पाया पडतो, ही त्यातली एक. माफ कर.)

नंतर त्यानं कागद मागितला आणि एक गोल काढला. त्यात लिहिलं, तुम्ही. त्याखाली दोन गोल, त्यांच्याखाली चार. मला वाटलं पत्रिका मांडतो आहे. मी उठून गुंजनची पत्रिका आणून त्याच्यापुढे ठेवली. त्यानं ती नीट बाजूला सरकवली आणि म्हणाला, काका, या सगळ्यात एकच गोष्ट पाहायची असते, डावा पाय आणि उजवा पाय. दोन्ही सारखे चालले पाहिजेत, एक जरी लंगडला तरी पुढे काही मिळत नाही. (डावा पाय म्हणजे आपल्या डावीकडे खाली जोडलेली माणसं, उजवा म्हणजे उजवीकडची. हे मला नंतर कळलं.) कांताचा चेहरा उतरला. तुला आठवत असेल, तुलाही पाहायला आले तेव्हा अंगणात चालवलं होतं आणि तू रागानं थेट विहिरीपर्यंत गेली होतीस. पण ती गोष्ट जुनी. आजही कोणी विचारतं याचं वाईट वाटून, तरीही आवाज गोड ठेवून कांता म्हणाली, "आमच्या पोरीचे दोनी पाय धड आहेत. गुंजन, चालून दाखव वं जरा." गुंजन उठली, चालली, दारातून बाहेर पडली, गाडी काढली आणि सुट्टी असूनही लॅबला निघून गेली. गौरांगनं पेन खाली ठेवलं. काजलनं त्याच्याकडे पाहिलं, त्यानं काजलकडे पाहिलं, आणि मग दोघांनीही आणखी पोहे मागितले.

रात्री गुंजननं मला समजावून सांगितलं. ही साखळीची कंपनी. आपण मालाचा खोका विकत घ्यायचा, खाली दोन माणसं जोडायची, त्यांनी त्यांच्याखाली दोन, आणि वरचा खालच्यावर जगणार. ती म्हणाली, "बाबा, तो मले पाहाले नाही आला होता. तुमाले पाहाले आला होता." मी पलंगाखाली बोट दाखवलं. जाताना गौरांगनं ठेवलेला खोका, मुलाकडची भेट समजून, मी तिथे सरकवून ठेवला होता.

तू म्हणशील, कळल्यावर नाही का म्हणाला नाहीस? तेच तर. मी कांताला म्हटलं, उद्या फोन करून नाही सांगतो. ती माझ्यावरच उलटली. "मुलाकडच्याइले नाही कसं म्हनता? अजून बोलनं पक्कं व्हाचं आहे." तिचं म्हणणं असं की धंदा वेगळा, सोयरीक वेगळी. त्यानं प्रस्ताव म्हटलं होतं, आणि तो शब्द त्यानं अजून परत घेतलेला नाही. मुलीकडच्यांनी पहिल्याच गोष्टीत तोंड फिरवलं तर पुढे काय राहिलं? मलाही, खरं सांगतो, त्या क्षणी ते पटलं. मुलीच्या बापाची मान आपोआप खाली जाते ताई, आणि खाली गेलेली मान फक्त होकाराच्या दिशेनं हलते.

तेव्हापासून आम्ही जोडलेले आहोत. खोक्यात एक पिवळी भुकटी आहे. ती दुधातून घेतली की शुगर जाते, तेलातून चोळली की गुडघा चालतो आणि पाण्यातून फवारली की कपाशीची बोंडं मोठी होतात. (मी चुकून तिन्ही एकत्र करून प्यालो. काही झालं नाही. तेच मला भीतीदायक वाटतं.) दर शनिवारी सीताबर्डीच्या एका हॉलमध्ये मीटिंग असते. तिथे मी टाय लावून उभा राहतो आणि शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारून सांगतो की आपण जिंकणार. तो रडतो. मी का रडत नाही असं वरचे लोक विचारतात.

आणि माणसं तुटत चालली आहेत. शेजारच्या निवृत्त मास्तरांनी फिरायला जायची वेळ बदलली. भाचेजावई माझा फोन उचलत नाहीत. परवा कॉलनीत एका घरी तेरवी होती. गौरांगनं सांगून ठेवलं होतं की अशा ठिकाणी सगळे एकत्र भेटतात. मी पंगतीत बसलो, शेजारच्याला म्हटलं, फार वाईट झालं, आणि माझ्याच तोंडून पुढे निघालं की माणसानं तब्येत सांभाळली पाहिजे. तो बिचारा द्रोण खाली ठेवून म्हणाला, "काहून गा देवाजी, तू बी लागला काय याच्यात?" मी कढी तशीच टाकून उठलो. घरी येईपर्यंत माझे कान गरम होते.

मग मी एकटा बसून गोल काढत गेलो. दोनाचे चार, चाराचे आठ. बाविसाव्या ओळीच्या आसपास नागपूर जिल्हा संपला, त्यात पाळण्यातली पोरं आणि पुण्याला गेलेलेही धरले. पुढच्या ओळीला मध्य प्रदेशात जावं लागेल. म्हणजे कोणीतरी शेवटच्या ओळीत उभं राहणारच, ज्याच्या खाली कोणी नाही, फक्त खोका आहे. ते कोण असतील हे मला दिसलं ताई, आणि तेव्हापासून झोप नाही. तू एकदा हो म्हटलंस तर तुझ्या गटातल्या बाया विचारणारसुद्धा नाहीत की कशाला. कोणी कानातलं मोडेल, कोणी नवऱ्याला चोरून पैसे आणेल, सुभद्राबाई म्हणाल्या म्हणून. आणि भुकटी संपली, गोल संपले, की त्या गौरांगच्या दारात जाणार नाहीत, त्यांना त्याचं दार माहीतच नाही. त्या तुझ्या दारात येतील. काही बोलणार नाहीत, नुसत्या येऊन ओट्यावर बसतील. तुझं नाव त्या मुलाच्या कानावर मीच घातलं. गुंजन म्हणते, अशा साखळीला कायद्यानं बंदी आहे आणि माणसं आणणाऱ्यालाही धरतात. पण खरं सांगतो, पोलिसांपेक्षा मला त्या ओट्याची भीती जास्त वाटते.

म्हणून रविवारी त्यांना चहा दे, फार तर बिस्कीट दे, पण गटातल्या एकाही बाईला बोलावू नकोस आणि कसलाही खोका घरात ठेवून घेऊ नकोस. विसरून राहिला असं म्हणतील, तरी मागे पळत जाऊन परत कर. (गुडघ्यानं पळता येत नसेल तर भाऊजींना पाठव.) भाऊजींना नमस्कार, आणि त्यांनी गोल काढलेल्या कागदावर कुठेही सही करू नये ही विनंती.

तुझा काळजीत बुडालेला भाऊ,
देवाजी

ता. क. एक गोष्ट लिहायची राहिली, खरं तर लिहायला हात धजत नव्हता. रविवारी गौरांग आणि काजलसोबत कांता येणार आहे, आणि मीही. ओळख ज्याची त्यानं सोबत यायचं असा नियम आहे. मी टाय लावलेला असेन. मी तुझ्यासमोर बसून म्हणेन की ताई, माझं आयुष्य बदललं, तूही जोडली जा. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. मी काकुळतीला आलो, आईची शपथ घातली, तरी ठेवू नकोस. मला नाही म्हणता येत नाही, म्हणून तू म्हण. सगळ्यांदेखत म्हण.

ता. क. दुसरं. नाही म्हणशील ते कंपनीला म्हण, मुलाला म्हणू नकोस. कांताचं अजून मन आहे. बोलायला गोड आहे, व्यसन नाही, आणि आपल्या गुंजनला पुढच्या वर्षी अठ्ठावीस पूर्ण होतील.

ती. आत्या, मी गुंजन. पाकीट रोशनीला द्यायला बाबांनी माझ्याकडे दिलं. डिंक ओला होता, म्हणून वाचलं. काजल त्याची बहीण नाही, बायको आहे. गेल्या आठवड्यात दोघं आमच्या लॅबला आले होते, पोटात बाळ आहे तिच्या. मला पाहून तो पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर गेला आणि ती माझ्यासमोर रडली. म्हणाली, पहिल्याच दिवशी आमच्या लक्षात आलं होतं तुमच्या घरी काय समजून पोहे केलेत ते, पण वरच्यांनी सांगितलं, समजू द्या, असे लोक नाही म्हणत नाहीत. मी हे घरी अजून बोलले नाही. मी सांगितलं तर आई म्हणेल, पोरीले लग्नच करायचं नाही. म्हणून तू एक कर. रविवारी सगळे बसले, चहा झाला, की लेकीसुनांना विचारतात तसं तू काजललाच सहज विचार, "लग्नाले किती वर्षं झाले वं बाई?" तिला खोटं बोलून बोलून वीट आला आहे, ती सांगेल. मग तू काही म्हणू नकोस. थोडा वेळ लागला तरी थांब, आणि बाबांना स्वतः नाही म्हणू दे.