हळदीकुंकवाचं बटन

बीबी, मंगळवार

चि. दीपक यास दाजींचे आशीर्वाद. तुझी तब्येत ठणठणीत असावी, बाळ-बाळंतीण सुखरूप असावीत आणि बारशाला आलेली तुझी ताई, म्हणजे आमची अन्नपूर्णा, तिकडे जळगाव जामोदला सगळ्यांना नीट ताब्यात ठेवून असावी. मी मजेत आहे. (बोटं दहाच्या दहा आहेत, काळजी नसावी.) फोनच करणार होतो, पण तुझा फोन हल्ली ताईच उचलते, म्हणून तिकडेच निघालेल्या शेजारच्या गोकुळच्या हाती ही चिठ्ठी.

विषय स्वयंपाकघरातल्या जुन्या काळ्या बटनाचा. तीनदा दाबावं तेव्हा कुठे करकरत दिवा लागतो. निघताना ताई बजावून गेली, "मी येईस्तोवर त्या बटनाले हात लावसान तं पाहा!" नवऱ्याला असं सांगणं म्हणजे मुहूर्त काढून देणंच. तिनं परत यावं, बोट टेकवावं आणि लख्ख दिवा लागावा, एवढीच माझी हौस. बत्तीस वर्षांत तिच्यासमोर माझा कसलाच उजेड पडलेला नाही रे!

तू पडलास वायरमन, तुझं सगळं ऐकलं. लाईन गेली म्हणून वायरीला हात लावायचा नाही, ती केव्हाही येते. मेन आपल्या हातानं पाडायचा. पाडला. बटन खोललं, तर दोन्ही वायरी चुन्यानं पांढऱ्याफटक, अगदी जुळ्या बहिणी. खूण करून ठेवा, असं तू म्हणाला होतास. चिकटपट्टी सापडेना, देवघर सापडलं. ठरवलं, टेस्टर पेटेल तिला कुंकू, न पेटेल तिला हळद. मेन वर केला, चपला घालून लाकडी पाटावर उभा राहिलो, टेस्टर लावला. एक पेटली, एक नाही. मेन पाडून हळद-कुंकू लावलं. खात्रीसाठी मेन वर करून पुन्हा तपासलं, तर दोन्ही पेटल्या! मग मेन पाडून हळदीवरही कुंकू. (मधे धक्क्यानं बटन चालू झालं होतं आणि दिव्याकडे जाणारी वायर त्यामुळे पेटली, हे आज सकाळी लक्षात आलं. वर दिवाही लागला असणार, पण मी खाली बघत होतो.)

डोकं धरून बसलो, तोच शेजारच्या बेबीताई विरजण मागायला आल्या. भिंतीत हळदीकुंकू लावलेल्या दोन वायरी, समोर पाटावर मी. त्यांनी पदर सावरून हात जोडले. "भाऊजी, आज कशाची पूजा हाय?" मला वायर ओळखता येत नाही, हे काही तोंडातून निघेना. म्हणालो, "लाईनमातेची." तासाभरात आणखी चार बाया हजर. एकीनं फूल ठेवलं. दुसरी तिथंच नारळ फोडायला निघाली, तेव्हा वायरीवर पाणी उडू नये म्हणून मी आडवा झालो, तर त्यांना वाटलं साष्टांग नमस्कार, त्याही वाकल्या. आता शुक्रवारी ताई आली की तिच्या हातून उद्यापन ठरलंय. म्हणजे गाडीतून उतरताच तिला सगळं कळणार, आणि मग माझी धडगत नाही.

घरातल्या मोठ्यांना नमस्कार, बाळाला पापा.

तुझा दाजी,
निवृत्ती

ता. क. गुरुवारी पहिल्या गाडीनं ये, बटन बसव आणि दाजींनीच बसवलं असं सांग.

ता. क. दुसरा. ताईला यातलं अवाक्षर कळू देऊ नको.

ता. क. तिसरा. अन्नपूर्णे, गोकुळ चिठ्ठी तुझ्याच हातात देणार, हे मला ठाऊक आहे. शुक्रवारपर्यंत थांबू नको. रागवायचं ते इथं येऊन रागव. घर खायला उठतं गं.